उताराचा हिशेब

१ ऑक्टोबर १८५५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कल्याण ते वासिंद हा टप्पा सुरू झाला आणि शहापूरच्या मुलखात पहिल्यांदा आगगाडी शिरली. १८९२ साली याच मुलखातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना आले. दोन घटनांमध्ये अंतर सदतीस वर्षांचे. एका माणसाच्या उमेदीच्या वयात मावेल एवढाच हा काळ. पण तेवढ्यात सह्याद्रीच्या पायथ्याची वाट, रान आणि पाणी ही तिन्ही मुंबईच्या खात्यावर जमा झाली. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची आजची अवस्था समजून घ्यायची, तर त्या काळातल्या कागदोपत्री निर्णयांबरोबर इथल्या जमिनीचा उतारही वाचावा लागतो. कारण निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हा उतार मोजला होता.

पूर्वेला सह्याद्रीची भिंत. उत्तरेकडे कसाऱ्याचा थळ घाट, मग डेहण्यावर उभा असलेला आजोबाचा डोंगर, पुढे मुरबाडच्या बेलपाड्यावर कोसळणारा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, माळशेज, नाणेघाट आणि दक्षिणेला सिद्धगड. या भिंतीच्या पायाशी दोन्ही तालुके पसरले आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यालगत त्याहूनही जास्त. वैतरणा, तानसा, भातसा, चोर्णा, शाई, काळू, बारवी अशा नद्या तो पाऊस घेऊन पश्चिमेकडे धावतात. तानसा वैतरणेला मिळते, तर भातसा आणि काळू उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरतात. शेवटी सगळेच पाणी खाडीला जाते.

पाऊस एवढा आणि तरी फाल्गुन-चैत्रात विहिरी तळाला लागतात, हे बाहेरच्याला खरे वाटत नाही. कारण पायाखाली आहे. हा सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या खडकाचा. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते मुरते फक्त वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरात आणि तो थर उतारावर फारच पातळ असतो. त्यामुळे पावसाळा सरला की डोंगराच्या पोटात साठलेले थोडेथोडके पाणी झऱ्यांवाटे निघून जाते. दिवाळीपर्यंत खळखळणारा ओढा होळीला कोरडा पडतो. मग नदीच्या पात्रात वाळू उकरून डवरा करायचा, पाझरून येणारे पाणी वाटीने हंड्यात भरायचे, ही इथल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

रेल्वे येण्याआधीही या भूमीचे मोल वाटेसाठीच होते. देश आणि कोकण यांच्यामध्ये भिंत असल्यामुळे जिथे ती चढता येई तिथे बाजार, चौकी आणि किल्ला उभा राही. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट हा त्यातला सर्वांत जुना साक्षीदार. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाईंचे, हत्तींचे आणि कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. एवढी दाने देणारी गंगाजळी या वाटेच्या व्यापारावरही पोसलेली होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल इथूनच जुन्नरला चढत असे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा असल्याचे परंपरा सांगते.

शहापूरच्या बाजूला, आसनगावच्या वर माहुलीचा किल्ला. घाटवाटा आणि कल्याणचा रस्ता एका नजरेत ठेवणारी ही जागा. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड शहाजीराजांनी इथेच केली; बाल निजामाला घेऊन ते माहुलीवर राहिले आणि मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे अखेर त्यांना किल्ला सोडावा लागला. पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेली, १६७० मध्ये ती स्वराज्यात परत आली. किल्ल्यावरून एवढ्या लढाया झाल्या त्या वाट कोणाच्या ताब्यात राहायची, यासाठी.

वाटेवरच्या देवघेवीचा सगळ्यात जिवंत अवशेष म्हणजे मुरबाडजवळची म्हसा यात्रा. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराच्या नावाने भरणारा हा बाजार बैलांसाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. वेळ आणि वस्तू दोन्ही भूगोलाने ठरवलेल्या आहेत. पौषात भात झोडून घरात आलेले असते, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात. चिखलणीला लागणारा बैल कोकणच्या दमट हवेत फार काळ टिकत नाही, म्हणून तो विकत घ्यावा लागतो. कोकणात मेंढ्या तगत नाहीत. पण कोसळत्या पावसात आवणी, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्याच्या पाठीवर लोकरीची घोंगडी तर हवीच. ती घाटावरच्या कोरड्या मुलखातून येते. एका यात्रेत दोन हवामानांचा सौदा होतो.

हा जुना व्यवहार दुतर्फा होता. मीठ, सुकी मासळी आणि तांदूळ वर चढे. धान्य, जनावरे आणि लोकर खाली येई. बैलांच्या तांड्यांना घाट चढण्याआधी थांबावे लागे आणि थांबलेला माणूस गावात काहीतरी खर्च करून जाई. रेल्वेने नेमके हेच मोडले.

वासिंदनंतर मार्ग आसनगावला पोचला १८६० मध्ये आणि कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी. पुढचा थळ घाट मात्र चार वर्षे घेऊन बसला. नऊ मैलांहून थोड्या अधिक अंतरात ९७२ फूट चढायचे होते. ठिकठिकाणी चढण ३७ फुटांमागे १ फूट इतकी तीव्र. तेरा बोगदे खणले, दऱ्यांवर पूल घातले आणि १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला लागली. त्यानंतर नाशिक-खानदेशचा कापूस आणि वऱ्हाडचा माल शहापूरच्या छातीवरून थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. तांड्यांची वाट ओस पडली. मुरबाडला तर रेल्वेने वळसाच घातला. नाणेघाट आणि माळशेज या एके काळच्या राजवाटा आडवाटा झाल्या. घाटाने आगगाडीलाही थांबायला लावले ते फक्त कसाऱ्याला. तिथे मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागत. आजही मालगाड्यांना आणि लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना अशी इंजिने, म्हणजे बँकर, लावल्याशिवाय तो चढ चढता येत नाही. कसारा गाव वाढले ते या अडचणीवर.

रेल्वेने माल वाहून नेला, तसे रानही नेले. मुंबईला इमारती लाकूड, जळण आणि कोळसा हवा होता आणि ऐन, साग, खैराचे रान आता स्टेशनापासून बैलगाडीच्या अंतरावर आले होते. रानाला बाजारभाव आला तेव्हा सरकारने त्याला कुंपण घातले. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातली मोठमोठी राने राखीव झाली आणि त्यातून या भागातला पहिला मोठा तंटा उभा राहिला. तंट्याचे मूळ होते राब.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन. माघ-फाल्गुनात शेतकरी खाचराचा एक उंच कोपरा निवडतो. त्यावर शेणाचा थर, वर ऐनासारख्या झाडांचे वाळलेले टहाळ, मग गवत आणि पातेरा, सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूने तो पेटवतात, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. त्या धगीने तणाचे बी मरते आणि राख मातीत मिसळते. मृगाच्या पहिल्या सरीला त्यावर बी फेकले की रोप तणाच्या आधी वर येते, आषाढात मुठी बांधून आवणीला तयार होते. पावसाने धुऊन निघालेल्या हलक्या मातीत आणि चार महिन्यांच्या घाईच्या हंगामात भात पिकवण्याची ही रीत अनुभवाने बसवलेली. तिला दर वर्षी टहाळ लागतात, म्हणजे शेताला रान लागते. रानावाचून खाचर अर्धे.

वनखात्याच्या नजरेत मात्र टहाळ तोडणे म्हणजे झाड खुंटवणे. मार्चमध्ये शेतकऱ्याला कोयता हवा असे आणि रखवालदाराला परवाना. दंड, जप्ती आणि लाच यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली गाऱ्हाणी त्याने ऐकली आणि १८८७ मध्ये अहवाल दिला. राबाच्या सवलती हा त्या चौकशीचा गाभा होता. जमीनदार, वकील आणि सावकार यांना आयोगापुढे तोंड होते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे म्हणणे दुसऱ्यांच्या तोंडून मांडले गेले.

सर्वांत जास्त गमावले ते कातकऱ्यांनी. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून कात करणे हा त्यांचा धंदा. खैर तोडण्यावर बंदी आल्यावर भट्ट्या विझल्या. शेतजमीन नव्हती, म्हणून राबाच्या सवलतीचाही उपयोग नव्हता. मग ते कंत्राटदाराच्या कोळशाच्या भट्टीवर गेले, पुढे वीटभट्टीवर. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबासकट कल्याण-भिवंडीकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परतायचे, हा क्रम तिथून सुरू झाला. १९३५ च्या कायद्याखाली शहापूर तालुका ‘अंशतः वगळलेल्या’ आदिवासी प्रदेशांत धरला गेला आणि १९३८ मध्ये डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने अशा भागांची पाहणी केली, तेव्हा वेठ, कर्ज आणि बांधील मजुरी यांचेच चित्र त्यांच्यासमोर आले.

रानाचा आयोग ठाण्यात साक्षी घेत होता, त्याच सुमारास तानसा नदीवर पाया खणला जात होता. मुंबईची गरज मोठी होती. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. पण ते दोन्ही मिळून आठ लाखांच्या शहराला पुरेनात. साष्टी बेटाच्या टेकड्यांत जेवढे पाणी अडवता येई तेवढे अडवून झाले होते. शहराचे अभियंते मेजर हेक्टर टलक यांनी १८७० च्या दशकातच बेटाबाहेर, सह्याद्रीच्या पायथ्याकडे बोट दाखवले होते. तिथे तीन गोष्टी एकत्र मिळत होत्या. पाऊस भरपूर. पाणलोटात रान, म्हणजे वस्ती विरळ आणि पाणी स्वच्छ. आणि पातळी मुंबईपेक्षा इतकी उंच की पंपाची गरजच नाही. पाणी आपल्या वजनाने शंभर किलोमीटर चालत येईल. आटगावजवळून रेल्वे जात होती, त्यामुळे लोखंडी नळ आणि सामान आणण्याचा प्रश्नही सुटलेला होता. वाटेने रानाचा मार्ग मोकळा केला होता, आता पाण्याचा केला.

तानसाची भिंत दगड-चुन्यात बांधलेली, तीन किलोमीटरपेक्षा थोडी आखूड आणि शंभर फुटांहून उंच. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते १८९२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. शहराची तहान वाढत गेली तसे १९१५, १९२५ आणि १९४८ मध्ये तानसाचे पुढचे टप्पे पूर्ण केले गेले. धरणाभोवतीचे रान पाण्यासाठी राखले गेले. आज ते तानसा अभयारण्य आहे. जंगल टिकले ही त्यातली जमेची बाजू. पण ते टिकवण्याची अट अशी की पायथ्याच्या माणसाने त्यात हात घालायचा नाही.

तानसाने पायंडा पाडला आणि विसाव्या शतकाने तो वाढवत नेला. १९५७ मध्ये वैतरणेवर धरण झाले. महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या नावाने ते मोडकसागर म्हणून ओळखले जाते. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० नंतर भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळीचा तक्ता छापून येतो. त्यात ऊर्ध्व वैतरणा भरल्याची पातळी ६०३ मीटर, मध्य वैतरणेची २८५, मोडकसागरची १६३ आणि तानसाची १२८. आकडे उतरत्या क्रमाने वाचले की घाटाच्या पायऱ्याच समोर येतात. सातही तलाव भरले तर साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला निम्मा, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या शहापूरच्या भातसाचा. मुंबईच्या हद्दीतले विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्केही भरत नाहीत.

पाण्याबरोबर वीजही याच उतारातून आली. टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे घाटमाथ्याचे पाणी खाली सोडून १९१५ ते १९२७ या काळात तीन केंद्रे उभारली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. तिच्या तारा पायथ्याच्या गावांवरून जात, गावात मात्र कंदील. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे पाडायला घेतले, कारण मुंबईची नाडी कुठे सापडते हे त्यांना ठाऊक होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडच्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्या दाट रानाने त्यांना आसरा दिला, ते याच भिंतीच्या पायाशी होते.

आता मूळ प्रश्न. धरण तालुक्यात असताना पाडा तहानलेला का? दुर्लक्ष आणि राजकारण ही उत्तरे खरी आहेत, पण पुरी नाहीत. पाडे बहुतेक उतारावर किंवा माळावर, खाचरांच्या वर वसलेले. सुपीक सखल जमीन भातासाठी सोडायची ही जुनी शहाणी पद्धत. धरणाचे पाणी साठते ते दरीच्या तळाशी. ज्या उताराने ते मुंबईला फुकट पोचते, तोच उतार पाड्याला आडवा येतो. पाड्यावर पाणी चढवायचे तर पंप, वीज, बिल भरणारी ग्रामपंचायत आणि दुरुस्ती करणारा माणूस हवा. यातले एक जरी नसले तरी योजना बंद पडते. म्हणून तालुक्यातून मोठाल्या जलवाहिन्या जातात आणि उन्हाळ्यात त्यांच्या शेजारच्या रस्त्याने टँकर धावतात.

पाणी वर चढवणे अशक्य आहे असे मात्र नाही. शहापूरच्या चोंढे गावाजवळ आणि वर अकोले तालुक्यातल्या घाटघरला दोन जलाशय आहेत. रात्री स्वस्त वीज वापरून खालचे पाणी सुमारे चारशे मीटर वर चढवतात आणि मागणीच्या वेळी ते खाली सोडून २५० मेगावॅट वीज काढतात. २००८ पासून हे चालू आहे. म्हणजे विजेच्या हिशेबात चढ परवडतो, पिण्याच्या हिशेबात परवडत नाही. हा फरक भूगोलाने केलेला नाही.

धरणांची किंमतही असमान वाटली गेली. भातसाचे विस्थापित पुनर्वसनासाठी कित्येक दशके झगडत राहिले. मुरबाडमधली गावे एमआयडीसीच्या बारवी धरणाच्या वाढवलेल्या उंचीपायी उठली. त्यामुळे मुरबाडच्या काळू नदीवर नवे धरण सुरू झाले, तेव्हा लोक आधीच शहाणे झाले होते. वनपरवानगी नसताना चाललेल्या त्या कामाविरुद्ध श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. वन आयोगापुढे जे स्वतः बोलू शकले नव्हते, त्यांची पतवंडे या वेळी ग्रामसभेचे ठराव घेऊन उभी होती.

दरम्यान वाटेची गोष्ट पुन्हा घडली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या आता कसारा घाट टाळून थेट शहापूर तालुक्यात उतरतात. थळ घाटाने माणसाला थांबायला लावायचे दिवस संपत आले.

शहापूरसाठी मंजूर झालेली भावली पाणीयोजना या सगळ्या इतिहासात वेगळी ठरते. इगतपुरी तालुक्यातले भावली धरण गोदावरीच्या खोऱ्यात, घाटमाथ्यावर आहे. तिथून उताराने पाणी आणून शहापूरमधल्या ९७ गावांना आणि २५९ पाड्यांना द्यायचे, अशी ही आखणी. पाड्यापेक्षा उंचावरचे पाणी पाड्याला. टलक यांनी मुंबईसाठी जो नियम वापरला, तोच दीडशे वर्षांनी पायथ्याच्या माणसासाठी वापरण्याचा हा प्रयत्न आहे. काम रेंगाळत राहिले आणि टँकर चालूच राहिले, ही गोष्ट वेगळी. पण त्या आराखड्याने एक जुना समज खोटा ठरवला. उतार जन्मतः मुंबईच्या बाजूचा नव्हता. आजवर तो फक्त तिच्यासाठीच मोजला गेला होता.